जुनी नाव सांधावी की विकावी?

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या एका लहान मंडळीतील काही तरुणांनी नुकताच आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. प्रश्न दिसावयास अगदी व्यवहारातला होता. आपल्याजवळची जुनी रबरी नाव दुरुस्त करावी की विकून टाकावी? असला प्रश्न पाळकापुढे आणण्याऐवजी कारागिराकडे न्यावा, असे कोणासही वाटेल; आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु त्यांच्याशी दोन घटका बोलताच आमच्या ध्यानात आले की, कारागीर ज्याचे उत्तर देऊ शकेल असा भाग त्यात अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग अंतःकरणाचा आहे, व तो आपणा सर्वांस लागू आहे. यास्तव त्या तरुणांच्या संमतीने तो आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

ज्यांनी हा प्रदेश पाहिला नाही त्यांच्याकरिता थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली उतरवून भिरा येथील वीजघरात १९२७ सालापासून वीज उत्पन्न करण्यात येते. वीज झाल्यावर ते पाणी कुंडलिकेच्या पात्रात सोडतात. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या वैशाखात आटून जातात तेव्हाही रोहा तालुक्यात कोलाडजवळ ही नदी जोराने वाहत असते, आणि मुंबई-पुण्याकडील हौशी लोक हवा भरलेल्या नावांतून, वल्ही मारीत, खडकाळ ओघातून जाण्याचा खेळ तेथे खेळतात. या नावांस लोक राफ्ट म्हणतात. काही वर्षे वापरून झाल्यावर अशा नावा कमी किमतीस विकावयास निघतात.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड व चिपळूण या शहरांतील माड्यांवर व छपरांवर अडकलेली माणसे रबरी नावांतून बाहेर काढण्यात आली. ते वृत्त ऐकून या तरुणांच्या मनात आले की, असे साधन आपल्याही गावी असावे. नागोठण्यास जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जो प्रलय केला तो ज्यांच्या स्मरणात होता अशा वडीलधाऱ्यांनी आनंदाने वर्गणी दिली, आणि एक वापरलेली नाव विकत घेण्यात आली. दोन पावसाळे तिचा उपयोगही झाला. एकदा वाडीतील एका आजारी बाईस फुगलेल्या ओढ्यापलीकडे तिच्यातूनच नेले. परंतु तिसऱ्या पावसाळ्यात एके सकाळी पाहतात तो नावेची डावी बाजू मोकळ्या पोत्यासारखी पडलेली! कारण शोधता असे आढळले की, त्या बाजूचा जोड पूर्वीच उकललेला होता; तो वरवर चिकटवून त्यावर जाड रंग फासला होता. विकणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. कारण न दिसलेल्या भेगेवर कोणी नेमका रंग फाशीत नाही.

आता पेणकडील एका गृहस्थाने ती नाव चांगल्या किमतीस मागितली होती. दुरुस्तीस नव्या नावेच्या निम्म्याहून अधिक खर्च सांगण्यात आला होता. एक डबा रंग आणला तर नाव पुन्हा नव्यासारखी दिसेल, व आलेल्या पैशांत थोडी भर घालून खरोखर चांगली नाव घेता येईल. म्हणजे परोपकाराचेच काम पुढे चालेल. हे सांगून त्यांतील एकजण म्हणाला, “पाळकसाहेब, आम्हांस विकणाऱ्याने तरी कोठे सांगितले होते?” या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे.

प्रथम कारागिराचा भाग पाहू. कारण वस्तूविषयी अज्ञान असता नुसती सदिच्छा उपयोगी पडत नाही. हवेच्या नावेस दोन प्रकारचे दोष होतात. पहिला भोकाचा. खडक, काटा किंवा गंजलेला खिळा लागून कापड फुटते. हा दोष बरा होणारा आहे. साबणाचे पाणी लावले असता जेथे बुडबुडे उठतात तेथे भोक असते. ती जागा घासून स्वच्छ करावी व त्याच जातीच्या कापडाचे, भोकाच्या चहूकडे दोन-तीन बोटे पुरून उरेल असे गोल ठिगळ लावावे. येथे सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन चालत नाही. पीव्हीसी कापडास एक व रबरी कापडास दुसरे, असे निराळे चिकटद्रव्य लागते, आणि ते लावल्यावर निदान एक दिवस नावेत हवा भरू नये. हवा दमट असली म्हणजे ते नीट धरीत नाही. म्हणून आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात लावलेले ठिगळ बहुधा दगा देते. हे काम पौष-माघाच्या कोरड्या दिवसांत करावे. मग नाव फुगवून ठेवावी व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावी. कारण दुपारच्या उन्हात भरलेली हवा पहाटेच्या गारव्याने आपोआप आकसते, व निर्दोष नावही सैल वाटते.

दुसरा दोष जोडाचा. पुष्कळ नावांचे कापड पट्ट्यापट्ट्यांनी चिकटविलेले असते. ऊन, दमट उष्मा व वर्षे यांमुळे त्या जोडांतील चिकटद्रव्यच निर्जीव होते. एके ठिकाणी हातभर जोड उकलला म्हणजे उरलेलाही त्याच वाटेवर आहे असे समजावे. तो पुन्हा सांधता येतो. परंतु त्यासाठी सगळा उकलून, जुने द्रव्य काढून, कुशल हाताने नव्याने बसवावा लागतो, व खर्च होतो तो यामुळेच. आणि कापडच चिकट लागू लागले किंवा आतील धागे दिसू लागले तर कोणतीही दुरुस्ती हे केवळ सोंग होय. अशा नावेत हवेचे निरनिराळे कप्पे ठेवलेले असतात, ते या हेतूने की, एक गेला तरी उरलेल्यांवर माणसे तरावी. ज्या नावेचा एक कप्पा आधीच बेभरवशाचा आहे, तिच्यातून ही राखणच निघून गेली म्हणावयाची.

दुरुस्तीविषयी आम्ही हलके बोलू इच्छीत नाही. आपल्या गावांतून ठिगळ ही लाजेची गोष्ट नाही. आजीची गोधडी म्हणजे निव्वळ ठिगळांचीच केलेली वस्तू. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी अडविणाऱ्या बांधांची डागडुजी पूर्वी शेतकरी आपसांत श्रम वाटून करीत. लहानशी खांड वेळेवर बुजविली नाही तर पुढच्या उधाणास सगळे शेत खारट होते, हे तेथील पोरासही ठाऊक आहे. याकोब व योहान यांस प्रभूचे पाचारण आले तेव्हा तेही तारवात बसून आपली जाळी नीटनेटकी करीत होते. सांधणे हे ईश्वरास आवडणारे काम आहे. तथापि ठिगळाठिगळांत भेद आहे. गोधडीचे ठिगळ सुटले तर थंडी वाजेल. नावेचे सुटले तर जीव जाईल. यास्तव ‘खर्च किती?’ हा प्रश्न नावेच्या बाबतीत दुसरा आहे. ‘हिच्यात कोण बसणार?’ हा पहिला.

या किनाऱ्यावरील लोकांस याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट तुफानात बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. आमच्या प्रश्नाशी त्या दुःखाच्या कारणांचा संबंध नाही. परंतु बोटीत पाऊल टाकणारा मनुष्य तिचा तळ तपासून पाहत नाही, तो विश्वास टाकतो, ही गोष्ट कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडाच्या, कितीतरी घरांस त्या दिवशी कळून चुकली. नाव विकणारा केवळ कापड व हवा विकीत नाही. तो त्या विश्वासाचाही व्यवहार करीत असतो.

आता अंतःकरणाच्या भागाकडे वळू. गप्प राहून वस्तू विकणे पाप आहे काय? याविषयी मनुष्य तीन प्रकारे आपल्या मनाची समजूत घालतो.

पहिला प्रकार कायद्याचा. “मी खोटे काही बोललो नाही, त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही.” आणि कायदा त्यास पुष्कळ अंशी अनुकूलही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या केली असून तिच्याखाली काही दृष्टांत दिले आहेत. एका मनुष्याने आपला घोडा सदोष आहे हे जाणून तो लिलावात विकला व दोषाविषयी मौन धरिले, तर ते कपट होत नाही, असे पहिला दृष्टांत सांगतो. परंतु दुसरा दृष्टांत पाहा. घेणारी जर त्या मनुष्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तोच घोडा, तोच दोष, तेच मौन. केवळ नाते बदलले आणि न्याय बदलला!

कायदा करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. बाजारात परक्याने परक्याशी किती बोलावे याची काही मर्यादा त्यांस घालावी लागते. परंतु ख्रिस्ती मनुष्यास त्या दोन दृष्टांतांपैकी कोणता लागू आहे? माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने जे उत्तर दिले, त्यात वाटेवर पडलेल्या परक्याचा व वाटसरू शोमरोन्याचा असा संबंध जोडून दिला की, त्यापुढे ‘परका’ हा शब्दच आपल्यापाशी उरला नाही. पेणचा तो गृहस्थ आपली मुलगीच आहे असे समजून त्याच्याशी सौदा करावा, एवढाच त्या दाखल्याचा या व्यवहारातील अर्थ. आपल्या मुलीस जी नाव आपण मौन धरून देणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलीस देऊ नये.

शिवाय येथे गोष्ट केवळ मौनाची नाही. भेगेवर रंग फासणे म्हणजे मौन नव्हे. ते ब्रशाने बोललेले असत्य आहे, व त्यास मनुष्याचा कायदाही कपटच म्हणतो. आमोस संदेष्ट्याने ज्या व्यापाऱ्यांस फटकारले ते गव्हाबरोबर भूसही विकीत. त्या भुसाने निदान कोणी बुडाले नसते.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यात मनुष्य दुसऱ्यास फसविण्यापूर्वी स्वतःस फसवितो. “इतके दिवस टिकली, आणखी टिकेल. जोड काही सगळाच गेला नाही. तो गृहस्थ थोडाच पुरात जाणार आहे?” विल्यम क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात असाच एक जहाजमालक रंगविला आहे. जहाज जुने आहे व दुरुस्ती हवी अशी शंका त्याच्या मनात येते. परंतु खर्चाच्या भयाने तो ती शंका दाबून टाकतो, जहाज सुरक्षित आहे असा प्रामाणिक विश्वास स्वतःच्या ठायी उत्पन्न करितो, आणि उतारूंनी भरलेले ते जहाज समुद्रात बुडते. क्लिफर्ड म्हणतो की, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषीच. आणि जहाज बुडाले नसते तरीही तो तितकाच दोषी ठरला असता. धर्माविषयी त्या विद्वानाची मते आमच्याहून फार भिन्न होती. परंतु सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी आपण त्याचा आदर करावा. नाव बुडाली नाही एवढ्यावरून विकणारा निर्दोष ठरत नाही. केवळ देवाच्या दयेने त्याचा दोष उघड झाला नाही, एवढेच.

मोशेच्या नियमशास्त्रात हाच विचार बैलाच्या उदाहरणाने शिकविला आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात असे आहे की, बैलाने अकस्मात मनुष्यास मारिले तर धन्यावर दोष नाही. परंतु बैल मारका आहे हे धन्यास पूर्वी सांगितले असून त्याने त्यास आवरले नाही, तर धनीही दोषी. येथे बैल एकच आहे. भेद धन्यास असलेल्या ज्ञानाचा आहे. आमच्या तरुणांची स्थिती हीच झाली आहे. ज्या सकाळी त्यांनी तो जोड उकललेला पाहिला, त्या सकाळपासून ते पूर्वीचे राहिले नाहीत. कळणे हे एक ओझे आहे, आणि वस्तू विकल्याने ते ओझे विकले जात नाही.

तिसरा प्रकार, “आम्हांसही कोणी सांगितले नाही,” हा. याचे आम्हांस नवल वाटले नाही. आम्हांस त्या तरुणाची दयाच आली, कारण तो खरोखर नाडला गेला होता. परंतु या युक्तिवादाचे फळ काय ते पाहावे. एकाने फसविले म्हणून दुसऱ्याने तिसऱ्यास फसवावे. तिसरा पुन्हा रंग देऊन चौथ्यास विकील. नाव दर खेपेस अधिक जीर्ण, रंग दर खेपेस अधिक जाड, आणि शेवटचा गिऱ्हाईक कोण? ज्याला पाण्यात गेल्यावर कळेल तो! ज्याने आपणास फसविले त्यास या सूडाने काहीच इजा होत नाही. ती होते एका निरपराध्यास. इतरांनी आपल्याशी जसे वागावे अशी आपली इच्छा आहे तसे आपण त्यांच्याशी वागावे, असे प्रभूने शिकविले. इतर आपल्याशी जसे वागले तसे वागावे, असे नव्हे. या दोन वाक्यांत शब्दांचा भेद थोडा आहे, पण त्यांच्यामध्ये सगळी सुवार्ता आहे.

मग काय करावे? निर्दोष वस्तूच विकावी, असा आमचा आग्रह नाही. तसे असते तर गरिबाने जुनी वस्तू विकत घ्यावयाची सोयच उरली नसती. दोष असलेली वस्तूही न्यायाने विकता येते; मात्र दोष तिच्याबरोबर उघडपणे गेला पाहिजे. आणि तो केवळ पहिल्या घेणाऱ्याच्या कानात सांगून भागत नाही, कारण पुढे नाव कोणाच्या हाती जाईल हे कोणी सांगावे? इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या गृहस्थाने पार्लमेंटात झगडून १८७६ च्या कायद्याने जहाजांच्या बाजूवर भाररेषा काढणे भाग पाडिले, व पुढे ती रेषा जगभर मान्य झाली. तिची खुबी अशी की, मालकास न ओळखणारा, त्याची भाषाही न जाणणारा खलाशी केवळ रेषा पाहून भार अधिक झाला आहे हे ओळखू शकतो. वस्तूनेच आपला दोष बोलून दाखवावा, हा खरा उपाय. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची जी आज्ञा आहे, तिचाही भाव हाच आहे. कठडा हा घरच्यांपेक्षा अजाण पाहुण्यासाठी असतो.

तरुणांनी दुसरी एक अडचण पुढे केली, व ती खरी होती. नाव गेली तर पुढच्या पावसाळ्यात गाव उघडे पडेल. यावर आमचे म्हणणे असे पडले की, बेभरवशाची नाव ही नाव नसण्याहून वाईट. नाव नाही हे ठाऊक असलेला मनुष्य पाणी चढू लागताच उंचावर जातो. नाव आहे असे वाटणारा घरात थांबून राहतो. तूर्त चांगले दोर व अंगात घालावयाची तरण्याची जाकिटे घ्यावी, तहसील कचेरीशी आधीच बोलून ठेवावे, आणि नव्या नावेसाठी पुन्हा वर्गणी सुरू करावी.

शेवटी काय झाले तेही सांगतो. त्यांनी पेणच्या त्या गृहस्थास बोलावून नाव फुगवून दाखविली व साबणाचे पाणी लावून उकललेला जोड त्याच्या डोळ्यांदेखत बोलता केला. तेव्हा कळले की, त्यास नाव माणसांकरिता नकोच होती! खारेपाटात त्याचे मत्स्यतळे आहे. कंबरभर पाण्यात माशांच्या खाद्याची पोती इकडून तिकडे न्यावयास त्यास तराफ्यासारखे काही हवे होते. सौदा झाला, पण पहिल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यास. विकण्यापूर्वी तरुणांनी रंगाचा डबा आणलाच. मात्र भेग झाकण्याकरिता नव्हे. नावेच्या दोन्ही बाजूंस मोठ्या पांढऱ्या अक्षरांनी लिहिले: ‘जोड गेला आहे. माणसे बसवू नयेत.’

हा पैशाचा तोटा लहान नव्हता, व तो ज्यांनी सोसला ते श्रीमंत नाहीत. म्हणूनच ही गोष्ट लिहावीशी वाटली. तीच आता आम्ही आपल्या मंडळ्यांकडे, आणि प्रथम आम्हां पाळकांकडेच, वळवितो. आपणांपैकी बहुतेकांपाशी रबरी नाव नाही. परंतु दोष झाकून वस्तू पुढे ढकलण्याचे प्रसंग आपणांसही येतात. एखादा कार्यकर्ता आपल्या मंडळीत पैशाच्या बाबतीत चुकला, तर त्यास सुधारण्याचे कष्ट नकोत म्हणून आपण गोड शिफारसपत्र लिहितो व त्यास दुसऱ्या गावी धाडतो. मुलाचे दारूचे व्यसन माहीत असून, ‘लग्न झाले म्हणजे सुधारेल’ असे म्हणत आपण परक्या घरच्या मुलीच्या बापापुढे त्याची स्तुती करितो. हे रंग फासणेच नव्हे काय? सांधावयाचे असेल तर उघड करून, वेळ देऊन, कोरड्या दिवसांत नीट सांधावे. मनुष्याच्या बाबतीत तर ती आशा आपण कधीच सोडू नये, कारण ख्रिस्ताने आपणांस सोडिले नाही. परंतु दुसऱ्याच्या हाती देताना, जेथे जोड गेला आहे तेथे बोट ठेवून द्यावे.

पेणच्या त्या तळ्यावर आज ती नाव पोती वाहत आहे. तिच्या बाजूंवरील अक्षरे उन्हापाण्याने पुसट होऊ लागली म्हणजे पुन्हा नवी करण्याचे त्या गृहस्थाने आपण होऊन कबूल केले आहे. त्याच्यापाशी तसे वचन कोणी मागितले नव्हते.